उसनवारीची पाणबुडी

समुद्रापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, सह्याद्रीच्या आडोशाला वसलेल्या पुण्याला पाणबुड्यांशी काय कर्तव्य, असे एखादा पुणेकर विचारील, आणि विचारताना त्याला जराही संकोच वाटणार नाही. पण याचे उत्तर त्याच्याच जिल्ह्यात आहे. इंदापूर तालुक्यात, नीरेच्या कालव्यावर पोसलेल्या ऊसपट्ट्यात वालचंदनगर आहे. साखर कारखान्यांची यंत्रे करणारे गाव म्हणून बहुतेकांना ते ठाऊक असते. ‘अरिहंत’ या पहिल्या भारतीय अणुपाणबुडीचे गिअरबॉक्स याच गावच्या कारखान्याने केले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

गिअरबॉक्स म्हटले की आपल्याला एसटीचा खडखडाट आठवतो. पाणबुडीत हाच खडखडाट प्राणघातक ठरतो. अणुभट्टीच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते आणि पंखा मात्र पाण्यात संथ फिरावा लागतो. या दोहोंच्या मध्ये दातेरी चाकांची ती पेटी असते. तिचा आवाज पाण्यात मैलोन् मैल जातो आणि शत्रूचे कान त्यासाठीच टवकारलेले असतात. तेव्हा ती चाके किती बारकाईने घासली गेली, यावर शंभर माणसांचे जीव अवलंबून असतात. असले काम कुणी उसने देत नाही. ते घरीच शिकावे लागते, आणि शिकायला वर्षे लागतात.

आता मूळ प्रश्न. एखाद्या देशाने आपल्या दोस्त राष्ट्रांकडून अणुपाणबुड्या घ्याव्यात का? गेल्या काही वर्षांत हा वाद ऑस्ट्रेलियामुळे जगभर गाजला. सप्टेंबर २०२१ मध्ये त्या देशाने फ्रान्सशी केलेला बारा डिझेल पाणबुड्यांचा करार मोडला आणि अमेरिका व ब्रिटन यांच्याशी ‘ऑकस’ नावाचा करार केला. फ्रान्सने संतापून आपले राजदूत माघारी बोलावले. ऑस्ट्रेलियाला आता अमेरिकेकडून तीन ते पाच ‘व्हर्जिनिया’ जातीच्या अणुपाणबुड्या विकत घ्यायच्या आहेत आणि पुढे ब्रिटिश आराखड्यावर स्वतः बांधायच्या आहेत. त्याचा खर्च, त्यांच्याच सरकारच्या अंदाजाप्रमाणे, २०५५ पर्यंत २६८ अब्ज ते ३६८ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर. आपल्याकडे वर्तमानपत्रांतून ही बातमी आली तेव्हा जणू हे काहीतरी नवेच घडते आहे, अशा थाटात ती आली. वास्तविक दुसऱ्या देशाची अख्खी अणुपाणबुडी आणून चालवण्याचा अनुभव जगात एकाच देशाला आहे, आणि तो देश आपला आहे.

जानेवारी १९८८ मध्ये सोव्हिएत संघाची ‘के-४३’ ही पाणबुडी तीन वर्षांच्या भाडेपट्ट्याने आपल्याकडे आली. तिचे नाव ‘आयएनएस चक्र’ ठेवले गेले. फेब्रुवारीत ती विशाखापट्टणमला पोचली तेव्हा पंतप्रधान राजीव गांधी स्वागताला हजर होते. अण्वस्त्रे तिच्यावर ठेवायची नाहीत, ही अट होती. अणुभट्टीवर देखरेखीसाठी सोव्हिएत तज्ज्ञ बोटीवरच होते. तीन वर्षे संपली, मुदतवाढ मिळाली नाही, आणि जानेवारी १९९१ मध्ये ‘चक्र’ परत गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस ती देणारा देशच नकाशावरून नाहीसा झाला.

दुसरी ‘चक्र’ आली ती थेट एप्रिल २०१२ मध्ये. हीही रशियाचीच, ‘नेरपा’ नावाची. २००८ साली चाचण्या चालू असताना तिच्यात आग विझवण्याचा वायू चुकून सुटला आणि वीस माणसे गुदमरून मेली. ती दुरुस्त होऊन, दहा वर्षांच्या कराराने, सुमारे नव्वद ते शंभर कोटी डॉलर मोजून आपल्याकडे आली. २०१७ साली तिच्या सोनारच्या घुमटाचे पत्रे निखळले. जून २०२१ मध्ये ती परत गेली, म्हणजे दहा वर्षेही पुरी झाली नाहीत. तिसरीचा करार मार्च २०१९ मध्ये झाला. किंमत तीनशे कोटी डॉलर, मुदत पुन्हा दहा वर्षे, आणि पाणबुडी हाती येण्याचे साल २०२५. ते साल आले आणि गेले, पाणबुडी आली नाही. आता २०२८ सांगितले जाते. युक्रेनच्या युद्धात गुंतलेल्या रशियाकडून हे सालही पाळले जाईल, अशी खात्री नौदलातले किती अधिकारी छातीवर हात ठेवून देतील याची मला शंका आहे.

अणुपाणबुडीच कशाला हवी, असेही काही वाचक विचारतील. डिझेलची पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की तिला श्वास घेण्यासाठी पृष्ठभागाजवळ यावे लागते, आणि तिथेच ती सापडते. अणुभट्टीला हवा लागत नाही. अशी पाणबुडी महिनोन् महिने खाली राहू शकते. तिला वर यावे लागते ते माणसांचे अन्न संपते म्हणून. यातही दोन जाती आहेत. एक अण्वस्त्रांची क्षेपणास्त्रे घेऊन लपून बसणारी, म्हणजे ‘अरिहंत’ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नौदलात आलेली ‘अरिघात’. दुसरी शिकारी जात. ती वेगाने धावते आणि शत्रूच्या जहाजांचा व पाणबुड्यांचा पाठलाग करते. आपण उसन्या घेतल्या त्या दोन्ही शिकारी जातीच्या, आणि नेमकी हीच जात आपल्याला अजून स्वतः बांधता आलेली नाही.

तिची गरज खरी आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ने ‘खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्याच डिसेंबरात अमेरिकेने अणुशक्तीवर चालणारी ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली होती. तिला थोपवण्यासारखे पाण्याखाली आपल्याकडे काहीच नव्हते. आज चीनच्या पाणबुड्या हिंदी महासागरात येतात, २०१४ मध्ये त्यांतली एक कोलंबोच्या धक्क्याला लागली. पाकिस्तान चीनकडून आठ नव्या पाणबुड्या घेत आहे आणि त्या मालिकेला नाव दिले आहे ‘हंगोर’. नाव कशाची आठवण म्हणून दिले, हे सांगायला नकोच. दोस्ताकडून पाणबुड्या घेण्याची कल्पना, म्हणजे, शेजाऱ्यालाही सुचलेली आहे.

तर गरज आहे, हे मान्य. दोस्ताने दिलेले नाकारू नये, हेही मला मान्य आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. उसनी पाणबुडी ही शाळा म्हणून घेतली तर ती स्वस्त पडते, आणि शस्त्र म्हणून घेतली तर ती फार महाग पडते. या दोहोंतला फरक तिच्या किमतीवरून कळत नाही. ती परत गेल्यावर आपल्या धक्क्यावर काय उरले, यावरून तो कळतो.

ब्रिटनचे उदाहरण घ्या. १९५८ मध्ये अमेरिकेशी करार करून त्यांनी ‘ड्रेडनॉट’ या आपल्या पहिल्या अणुपाणबुडीसाठी अमेरिकन अणुभट्टी आणली. ती १९६३ मध्ये नौदलात आली. पुढची ‘व्हॅलियंट’ १९६६ मध्ये आली ती ब्रिटिश अणुभट्टी घेऊन. तीन वर्षांत इंग्रज आपल्या पायावर उभे राहिले. (क्षेपणास्त्रांच्या बाबतीत मात्र ते आजही अमेरिकेच्या दारात आहेत. ट्रायडंट क्षेपणास्त्रे अमेरिकेच्या सामाईक साठ्यातून घ्यायची आणि देखभालीसाठी तिथेच परत न्यायची. स्वावलंबनाचे सोवळे फार कडक पाळणारा देश जगात कुठेच नाही.)

आपले काय झाले? १९८८ ते १९९१ या तीन वर्षांत आपल्या नौसैनिकांनी अणुपाणबुडी चालवायला शिकून घेतले. मोठ्या कष्टाने शिकले. आधी सोव्हिएत संघात जाऊन भाषेपासून सुरुवात केली होती. आणि मग ‘चक्र’ गेली, तेव्हा त्यांना बसवायला दुसरी बोट नव्हती. १९९१ ते २०१२ अशी एकवीस वर्षे. एकवीस वर्षांत लेफ्टनंटचा अॅडमिरल होतो किंवा तो निवृत्त होतो. शिकलेले हात असे वाया जाणे ही पैशाच्या हिशेबात न दिसणारी हानी आहे. ती संरक्षण खात्याच्या कुठल्याही अहवालात सापडायची नाही.

मुंबईला माझगाव गोदीत याहून वाईट घडले आहे. १९८१ मध्ये जर्मनीच्या ‘एचडीडब्ल्यू’ कंपनीशी करार झाला. दोन पाणबुड्या कील बंदरात बांधून आल्या आणि दोन माझगावला बांधल्या गेल्या. ‘शल्की’ १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ १९९४ मध्ये नौदलात आली. पाणबुडीच्या पोलादाचे जोडकाम हे साध्या जहाजाचे वेल्डिंग नव्हे. शेकडो मीटर खोल पाण्याचा दाब त्या सांध्यांना सोसायचा असतो. ते काम गोदीतल्या कामगारांनी आत्मसात केले. पण १९८७ मध्ये दलालीचे प्रकरण निघाले होते. पुढच्या दोन पाणबुड्या रद्द झाल्या आणि शिकलेले कामगार दुसऱ्या कामांना लागले. फ्रेंच ‘स्कॉर्पिन’चा करार व्हायला २००५ उजाडले आणि त्यातली पहिली ‘कलवरी’ नौदलात यायला डिसेंबर २०१७. म्हणजे माझगावच्या दोन पाणबुड्यांमध्ये तेवीस वर्षांचे अंतर. दरम्यान एक पिढी निवृत्त झाली आणि दुसऱ्या पिढीने तेच धडे फ्रेंचांना पैसे देऊन पुन्हा गिरवले. लाच खाणाऱ्यांना शिक्षा करायला कुणाचीच हरकत नव्हती. ती झाली नाही ती नाहीच, शिक्षा झाली ती माझगावच्या कारागिरीला.

आता दोस्तीबद्दल. दोस्त राष्ट्रे वचने देतात ती खोटी असतात असे नाही. ती त्या वेळच्या सरकारने, त्या वेळच्या कायद्याखाली दिलेली असतात. याचा धडा आपल्याला समुद्रात शोधायची गरज नाही. तो पालघर जिल्ह्यात, तारापूरला मिळतो. १९६३ च्या कराराने अमेरिकेने तीस वर्षे समृद्ध युरेनियम पुरवण्याचे मान्य केले, म्हणून आपण तिथे अमेरिकन अणुभट्ट्या उभारल्या. १९६९ मध्ये वीज सुरू झाली. १९७४ मध्ये आपण पोखरणला स्फोट केला, १९७८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने नवा कायदा केला, आणि आधीच्या सरकारने सही केलेला करार असूनही इंधन अडले. भट्टी आपली, जमीन आपली, विजेची वाट पाहणारे कारखाने आपले, आणि इंधनाची किल्ली वॉशिंग्टनला! पुढे तडजोड होऊन फ्रान्सने इंधन दिले, नंतर चीनने दिले, नंतर रशियाने. वापरलेले इंधन अमेरिकेने परत नेले नाही आणि त्यावर प्रक्रिया करायची मोकळीकही दिली नाही. ते तारापूरलाच साठवून ठेवावे लागले. विजेच्या कारखान्याची ही कथा, तर युद्धाच्या पाणबुडीची काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

ऑस्ट्रेलियालाही हे पुढे दिसणारच आहे. अमेरिकन कायद्यात तशी सोय करून ठेवलेली आहे. पाणबुड्या देण्यापूर्वी त्यामुळे अमेरिकेच्या स्वतःच्या सागरी बळाला बाधा येत नाही, असा निर्वाळा त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षाने द्यावा लागतो. अमेरिकेच्या गोद्यांतून वर्षाला दोन पाणबुड्या निघायला हव्यात, त्या निघतात सव्वा-दीड. तो राष्ट्राध्यक्ष २०३० च्या दशकात कोण असेल आणि त्याचा मूड काय असेल, यावर एका खंडाचे संरक्षण टांगून ठेवलेले आहे. फ्रान्सशी केलेला करार ऑस्ट्रेलियाने एका सकाळी मोडला. आपला करारही कुणी एका सकाळी मोडू शकेल, हे त्यांच्याइतके कुणाला कळायला हवे?

आपल्या भाडेकराराची गोष्टही फार निराळी नाही. ‘चक्र’ युद्धाच्या वेळी वापरता येईल की नाही, कुठवर जाता येईल, कशावर रशियाची संमती लागेल, हे त्या करारात लिहिलेले असणार. तो करार जनतेसमोर नाही. संसदेसमोरही तपशिलाने आलेला नाही. आणि इथे मला गुप्ततेबद्दल थोडे लिहिलेच पाहिजे, कारण या विषयातला सगळ्यात दुखरा भाग तोच आहे.

अणुपाणबुडीची भट्टी स्वतः बांधावी हा विचार आपल्याकडे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. काम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राकडे होते. पहिले आराखडे जमले नाहीत. नौदलातले अणुअभियंते कॅप्टन बी. के. सुब्बाराव यांनी त्या आराखड्यांवर कडक टीका केली होती. १९८८ मध्ये, म्हणजे ‘चक्र’ आली त्याच वर्षी, निवृत्त झालेल्या सुब्बारावांना मुंबईच्या विमानतळावर हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांच्या सामानात सापडलेला मुख्य ‘गुप्त दस्तऐवज’ म्हणजे पवईच्या आयआयटीला सादर केलेला त्यांचा स्वतःचा पीएच.डी.चा प्रबंध होता. दीड वर्षाहून अधिक काळ ते तुरुंगात राहिले. स्वतःचा खटला स्वतः लढले आणि मुंबई उच्च न्यायालयात निर्दोष सुटले. पाणबुडी किती खोल जाते आणि किती आवाज करते, हे गुप्त राहिलेच पाहिजे. किती वर्षे फुकट गेली आणि किती कोटी खर्ची पडले, हे गुप्त ठेवल्याने शत्रूचे काही बिघडत नाही. बिघडते ते आपले, कारण चूक दाखवणारा माणूस गजाआड जातो आणि चूक तशीच राहते.

तरीही भट्टी झाली, याचे श्रेय त्याच तुर्भ्याला दिले पाहिजे. तिचा जमिनीवरचा नमुना कल्पाक्कमला २००३ मध्ये पेटला आणि २००६ मध्ये पूर्ण क्षमतेने चालू झाला. त्या कामाचा बराच काळ अणुऊर्जा आयोगाची सूत्रे डॉ. अनिल काकोडकर यांच्याकडे होती. रशियाची मदत मोठी होती. २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला ‘अरिहंत’चे जलावतरण झाले तेव्हा पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी रशियाचे जाहीर आभार मानले. पण मदत घेऊन बांधलेली ती बोट आपली आहे. ती कुणी परत मागू शकत नाही. उसनी आणणे आणि शिकून घेणे यांतला फरक तो हाच.

जाता जाता एक योगायोग. ज्या विशाखापट्टणम बंदरात ‘अरिहंत’ बांधली गेली, तिथे आधुनिक जहाजबांधणीचा कारखाना पहिल्यांदा काढला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी, १९४१ मध्ये. इंग्रजांच्या राज्यात, दुसरीकडे जागा मिळेना म्हणून ते तिकडे गेले. १९४८ मध्ये तिथून ‘जलउषा’ पाण्यात उतरली. त्याआधी १९१९ मध्ये त्यांच्या सिंदिया कंपनीने ‘लॉयल्टी’ हे जहाज जुनेच विकत घेऊन लंडनला पाठवले होते. आधी विकत घेतले, चालवून पाहिले, मग बांधायचा कारखाना काढला. ‘अरिहंत’चे गिअरबॉक्स ज्या वालचंदनगरहून गेले ते त्यांनीच वसवलेले.

आता पैशाचा हिशेब. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने दोन शिकारी अणुपाणबुड्या देशातच बांधायला मंजुरी दिली. खर्च सुमारे ४० हजार कोटी रुपये, असे प्रसिद्ध झाले आहे. म्हणजे एकीला २० हजार कोटी. तिसऱ्या ‘चक्र’चे तीनशे कोटी डॉलर २०१९ च्या दराने सुमारे २१ हजार कोटी रुपये होतात. एक पाणबुडी दहा वर्षे भाड्याने घेण्याची किंमत आणि तसलीच एक पाणबुडी कायमची बांधण्याची किंमत जवळजवळ सारखी! हा हिशेब थोडा फसवा आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो. भाड्याच्या रकमेत डागडुजी आणि प्रशिक्षणही येते, आणि आपल्याकडे कुठलेही सरकारी बांधकाम मंजूर रकमेत पुरे झाल्याचे ऐकिवात नाही. ४० हजाराचे ६० हजार झाले तर मला आश्चर्य वाटणार नाही. पण तेव्हाही त्या पैशातून भट्टी करणारे, जोडकाम करणारे, दातेरी चाके घासणारे हात इथे तयार होतील.

खरी अडचण भट्टीची आहे. ‘अरिहंत’ची भट्टी ८३ मेगावॉट क्षमतेची आहे. लपून बसणाऱ्या बोटीला ती पुरते. शिकारी बोटीला धावायचे असते, आणि परत गेलेल्या ‘चक्र’ची भट्टी १९० मेगावॉटच्या आसपास होती. ही दुपटीची उडी आपल्याला घ्यायची आहे. नौदलप्रमुख अॅडमिरल दिनेश त्रिपाठी यांनी डिसेंबर २०२४ मध्ये सांगितले की पहिली शिकारी बोट २०३६-३७ पर्यंत आणि दुसरी त्यानंतर दोन वर्षांनी मिळेल.

म्हणून तिसरी ‘चक्र’ घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. करार झालेला आहे, पैसा गुंतलेला आहे, आणि नव्या बोटींवर जाणाऱ्या नौसैनिकांना तोवर कुठेतरी हात बसवायला हवा. ती घ्यावी, आणि तिच्यावर तरुण अधिकाऱ्यांच्या शक्य तितक्या तुकड्या आलटून पालटून पाठवाव्यात. पण चौथीची बोलणी, मग ती मॉस्कोशी असोत, पॅरिसशी असोत की वॉशिंग्टनशी, मुळीच सुरू करू नयेत. चौथी मिळणार असे दिसले की घरच्या बोटीचे साल पुढे सरकायला वेळ लागत नाही, हे आपण आपल्या खात्यांच्या स्वभावावरून ओळखतो.

तिसरी २०२८ मध्ये आली तर दहा वर्षांनी, म्हणजे २०३८ मध्ये, परत जाईल. आपली पहिली ठरल्याप्रमाणे २०३७ मध्ये आली तर फार तर वर्षभर दोन्ही बरोबर असतील आणि शिकलेली माणसे एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्यावर चालत जातील. आपली बोट पाच वर्षे लांबली, आणि ‘अरिहंत’ किती लांबली हे पाहता पाच वर्षे काहीच नव्हेत, तर १९९१ पुन्हा येईल. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने दरवर्षी एकच गोष्ट विचारावी आणि तिचे उत्तर छापावे: नव्या भट्टीचा जमिनीवरचा नमुना पेटण्याचे साल कोणते ठरले आहे, आणि गेल्या वर्षी ते कोणते सांगितले होते?